दुसऱ्या बसमधली माणसं

माझ्या बसमधून सात माणसं उतरली आणि समोरच्या बसमध्ये जाऊन बसली.

मी दारातच उभा होतो. हातात यादी, पेन बत्तिसाव्या नावावर. हेडकाउंट म्हणजे बस हलायच्या आधी माणसं मोजणं. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. माझे बत्तीस भरले होते, आणि तेवढ्यात सात जण माझ्या बाजूनं अंग चोरून खाली उतरले.

"काय झालं? जहाजावर काही विसरलं का?"

"न्हाई सर," घोडेगावकडचे दत्ताशेठ म्हणाले. "आमी आपलं संदीपभाऊच्या गाडीत बसतो. आईला तिकडं करमतंय."

त्यांची आई अनुसयाबाई त्यांच्या मागोमाग उतरत होत्या. वय अडुसष्ट. नऊवारी, त्यावर मरून स्वेटर, खांद्यावर जाड शाल, पायात मोजे आणि चपला. सुनेला विमानाची भीती वाटायची, म्हणून तिच्या जागी सासू आली होती. माझ्याजवळ थांबून त्या म्हणाल्या, "सर, तुमी माहिती लई चांगली सांगता. पर त्यो हसवतो."

समोरच्या बसमध्ये त्यांचं टाळ्या वाजवून स्वागत झालं. मी यादीवरची सात नावं खोडली. पेन जरा जोरात दाबलं गेलं.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांतली. महिना नोव्हेंबर, ठिकाण फ्रान्समधलं मार्सेय बंदर. मी पुण्यातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर होतो. टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे. गाइड त्या त्या शहराचा असतो, दोन तास बोलतो आणि जातो. टूर मॅनेजर विमानतळापासून विमानतळापर्यंत प्रवाशांबरोबर असतो. पासपोर्ट, जेवण, औषध, रुसवेफुगवे, सगळं त्याच्याकडं.

ही इन्सेंटिव्ह टूर होती. ठिबक सिंचनाचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीनं आपल्या डीलरांना बक्षीस म्हणून भूमध्य समुद्रातली क्रूझ दिली होती. चौसष्ट माणसं, जवळजवळ सगळी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली. दुकानदार आणि त्यांच्या बायका. बहुतेकांचा पासपोर्ट कोरा होता, या सहलीसाठीच काढलेला.

एवढ्या माणसांना दोन टूर मॅनेजर लागतात. सीनियर मी, ज्युनियर संदीप. मी आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी खुर्दचा. पण शिक्षणापासून पुण्यात राहिलो. टूरिझमचा डिप्लोमा केला, फ्रेंचचा सर्टिफिकेट कोर्स केला. युरोपच्या नऊ टूर झाल्या होत्या. संदीप जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचा. त्याचे वडील बैलबाजारात दलाली करायचे. त्यानं थायलंड-सिंगापूर केलं होतं, युरोप पहिल्यांदाच. फ्रेंच येत नव्हतं आणि इंग्रजी कामापुरतं.

नारायणगावात एका मंगल कार्यालयात आम्ही टूरच्या आधीची मीटिंग घेतली, तिथंच मला पहिल्यांदा टोचलं होतं. मी स्लाइड दाखवत तासभर बोललो. व्हिसा, परकीय चलन, जहाज लागलं तर घ्यायच्या गोळ्या. सगळे शांत बसून ऐकत होते. मग संदीप उठला आणि म्हणाला, "मंडळी, जहाजात भाकरी न्हाई. ज्याला जमायचं न्हाई त्यानं आत्ताच रडून घ्यावं." सगळं कार्यालय हसलं. मीटिंग संपल्यावर लोक त्याच्याभोवती गोळा झाले. कुणाचा चुलतभाऊ कुणाचा मेव्हणा, ह्याची शोधाशोध झाली. मला कुणी विचारलं नाही की सर, तुमचं गाव कुठलं. मीही त्यांच्याइतकाच तिथला होतो. पण मी 'शिंदेसर' आणि तो 'संदीपभाऊ', हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं.

जहाजावर तेच वाढत गेलं. माझ्याकडं लोक केबिनची किल्ली चालत नाही म्हणून यायचे. त्याच्याकडं गप्पा मारायला यायचे. निघण्याआधी ऑफिसात कुलकर्णी मॅडमनी सांगितलं होतं की पुढच्या सीझनपासून युरोपच्या सगळ्या क्रूझ एकाच माणसाकडं द्यायच्या आहेत, आणि या टूरचे फीडबॅक फॉर्म बघून ठरवू. मॅडम आमच्या ऑपरेशन्स हेड. त्या बोलल्या ते दोघांसमोर. संदीप म्हणाला, "सरच हायेत की, अजून काय ठरवायचं?" मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, हा धूर्त आहे.

आता आदल्या संध्याकाळचं सांगतो.

त्या दिवशी आम्ही बार्सिलोनात होतो. लख्ख ऊन. लोक हाफ शर्टावर फिरले. जहाज सुटल्यावर साधारण साडेसहाला मी रिसेप्शनवर गेलो. जहाजावर प्रत्येक मोठ्या ग्रुपच्या लीडरला दुसऱ्या दिवशीच्या बंदराची सूचना मिळते. ती पोर्ट एजंट पाठवतो, म्हणजे बंदरावरचा जहाजाचा माणूस. एका ग्रुपला एकच कागद. त्यावर लिहिलं होतं: उद्या मार्सेयला उत्तरेकडून जोराचा वारा. त्या वाऱ्याला तिकडं मिस्त्राल म्हणतात. तापमान पाच-सहा अंश, पण वाऱ्यात शून्याच्या खाली असल्यासारखं वाटेल. उंच ठिकाणी जाणाऱ्यांनी गरम कपडे, टोपी, मफलर घ्यावेत. वयस्क आणि श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी जपावं.

मिस्त्राल मी एकदा अनुभवला होता. आकाश निळं असतं, ऊन पडलेलं असतं आणि दारातून बाहेर पाऊल टाकलं की कानशिलात बसते. काचेतून बघून कळत नाही.

मी माझ्या बत्तीस माणसांना जेवणाच्या टेबलांवर जाऊन सांगितलं. सगळं अंगावर घाला, लाजू नका. मग संदीपला शोधत लाउंजकडं गेलो.

लाउंज भरलं होतं. संदीप मधे उभा राहून नकला करत होता. बेल्ह्याच्या बाजारातला दलाल उपरण्याखाली बोटं दाबून बैलाचा भाव कसा ठरवतो, ते चाललं होतं. बायका डोळे पुसत हसत होत्या. मी दाराशी थांबलो. मला वाटलं, हे संपलं की त्याला बाजूला घेऊ. तेवढ्यात त्यानं दुसरी नक्कल सुरू केली. मान जरा तिरकी, चष्मा नाकावर, एक बोट हवेत. "एकतीस... बत्तीस... काकू, हलू नका, परत मोजावं लागेल."

तो मी होतो.

नक्कल वाईट नव्हती. अगदी माझ्यासारखी होती, म्हणूनच लागली. दत्ताशेठ तर खुर्चीवरून घसरायच्या बेतात होते. कुणाचंच दाराकडं लक्ष नव्हतं. मी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि केबिनमध्ये जाऊन झोपलो. उद्या सांगू, असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळी जहाजाशेजारी दोन बस उभ्या होत्या. जहाजाच्या आडोशाला वारा लागत नव्हता आणि ऊन छान होतं. संदीपची माणसं कालच्यासारखीच उतरली. हाफ शर्ट, सुती साड्या, एकदोघांच्या अंगावर पातळ जाकीट. माझी माणसं स्वेटर-मफलर घालून आलेली. नारायणगावचा एक द्राक्षवाला त्यांना हसला. "काय राव, एवढं गुरफटून? आमी पहाटं बागेत शेकोट्या करतो, आमाला थंडी शिकवता व्हय?"

तेव्हाही पंधरा मिनिटं हातात होती. वर जाऊन कपडे आणता आले असते. तोंड उघडणार होतो. त्याच वेळी ती सात माणसं माझ्या बसमधून उतरली.

मी काही बोललो नाही. बघू आता कसा हसवतो, असं मनात आलं. आलं होतं ते असंच.

कार्यक्रम असा होता. संदीपची बस आधी शहरातल्या एका उंच टेकडीवर जाणार. तिथून बंदर आणि समुद्र दिसतो. माझी बस आधी खालच्या जुन्या बंदरावर. दीड तासानं अदलाबदल. टेकडीवर बस थांबू देत नाहीत. माणसं उतरवून रिकाम्या बसनं खाली जाऊन थांबायचं.

मी माझ्या पंचवीस जणांना घेऊन बंदरावर फिरलो. तिथंही वारा होता. बोटींच्या डोलकाठ्यांवरच्या दोऱ्या फटफट आपटत होत्या. पण इमारतींचा आडोसा होता आणि कॅफे होते. लोकांनी गरम चॉकलेट प्यायलं. एका वहिनींनी मला म्हटलं, "सर, बरं झालं सांगितलंत काल." मला बरं वाटलं. मग वर टेकडीकडं नजर गेली आणि बरं वाटायचं थांबलं.

अकराच्या सुमारास फोन वाजला. संदीप होता. वाऱ्यामुळं अर्धं ऐकू येत नव्हतं.

"सर, तुमची गाडी कुठंय?"

"खाली, बंदरावर. का?"

"वर पाठवा. लगेच. हितं उभं ऱ्हाता येत न्हाई. माणसं काकडलीत."

"तुझी बस?"

"ड्रायव्हरला फोन केला. त्यो ब्रेक म्हनतोय, आनि ठेवून देतोय."

युरोपात बसच्या ड्रायव्हरला ठरावीक तासांनंतर सक्तीची विश्रांती असते. त्या वेळात तो गाडी हलवत नाही, म्हणजे नाहीच. गाडीतल्या मशीनवर नोंद होते आणि दंड होतो. संदीपला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मी त्याला सांगायला हवं होतं. तेही राहिलं होतं, आणि ते मात्र खरंच विसरल्यामुळं.

"पाच मिनिटांत निघतो," मी म्हणालो.

"सर, अजून एक. दत्ताशेठच्या आईला दम लागलाय. पंप जहाजावर ऱ्हायलाय."

अनुसयाबाईंना दमा होता. तसं त्यांच्या मेडिकल फॉर्मवर लिहिलेलं होतं. तो फॉर्म मीच तपासला होता.

माझी पंचवीस माणसं मी एका कॅफेत बसवली. त्यांतल्या ओतूरच्या एका निवृत्त मास्तरांच्या हातात यादी दिली आणि सांगितलं, कुणाला हलू देऊ नका. मग ड्रायव्हरला गाठलं. तो सिगारेट ओढत होता. मी फ्रेंचमध्ये सांगितलं, वर एक आजी आहे, श्वास घेता येत नाही. त्यानं सिगारेट टाकली आणि काही न विचारता गाडी सुरू केली. वाटेत मी इमर्जन्सी नंबर लावला.

टेकडीवर पोचलो तर माणूस नाही. रिकामा कठडा आणि वारा. बसचं दार उघडलं तेव्हा माझा चष्मा उडता उडता राहिला. मी फोन लावला. "खाली या," संदीप ओरडला. "पायऱ्यांनी खाली. उजव्या हाताची गल्ली. लाँड्री."

ती हॉटेलांच्या चादरी धुणारी लाँड्री होती. मोठं शटर, आत कपडे वाळवायची चार यंत्रं घरघरत होती. दारातच गरम हवेचा झोत अंगावर आला. आत सगळ्या बायका. प्रत्येकीच्या अंगावर यंत्रातून नुकतीच काढलेली गरम पांढरी चादर. पुरुष भिंतीला टेकून ओळीनं उभे, सकाळचा द्राक्षवाला काखेत हात घालून दात वाजवत होता. लाँड्रीची मालकीण, पन्नाशीची दणकट बाई, यंत्राचं झाकण उघडून एकेक चादर काढत होती. संदीपला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. त्यानं तिला काय सांगितलं, कसं सांगितलं, देव जाणे. एकोणचाळीस माणसं त्यानं तिथं आणून उभी केली होती. स्वतःच्या अंगावर फक्त कंपनीचा टी-शर्ट. त्याचं जाकीट एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या अंगावर होतं.

खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला पहिल्यांदा हेवाच वाटला. हे मला सुचलं नसतं. मी सगळ्यांना कठड्याशी रांगेत उभं करून ड्रायव्हरला फोन करत बसलो असतो.

अनुसयाबाई एका स्टुलावर पुढं वाकून बसल्या होत्या. ओठ निळसर. दर श्वासाला छातीतून शिट्टी. अंगात स्वेटर होता, शाल नव्हती. शाल मनीषाच्या अंगावर होती. मनीषा म्हणजे मंचरच्या एका तरुण डीलरची बायको, चार दिवसांपूर्वीच तापातून उठलेली. ती रडत होती. "म्या न्हाई म्हनत व्हते, आजींनी बळंच दिली. आता घेईनात परत."

मी मालकिणीकडून पत्ता घेऊन इमर्जन्सीला पुन्हा कळवला. थोड्या वेळानं लाल गाडी आली आणि हेल्मेटवाले तिघे जण उतरले. तिकडं अशा वेळी बऱ्याचदा अग्निशमन दलच येतं. दत्ताशेठ आणखी घाबरले. "सर, हे कशाला? आग कुठं लागली?" मी समजावलं. त्यांनी अनुसयाबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, नाडी बघितली आणि म्हणाले, हॉस्पिटल.

आता प्रश्न होता वेळेचा. जहाजाची 'ऑल अबोर्ड'ची वेळ पाच होती. ऑल अबोर्ड म्हणजे सगळे प्रवासी जहाजावर परत पाहिजेत ती वेळ. त्यानंतर जहाज कुणासाठी थांबत नाही. हॉस्पिटलात दत्ताशेठांबरोबर फ्रेंच येणारा माणूस हवा होता, म्हणजे मीच. मी दोन्ही बसच्या कागदांची फाइल संदीपच्या हातात दिली.

"सगळे तुझ्याकडं. माझे पंचवीस खाली कॅफेत आहेत. आम्ही पाचला आलो नाही तर पोर्ट एजंटकडून आमचे जहाजावर जमा असलेले पासपोर्ट उतरवून घे."

"तुमी जावा," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं नाही. तेव्हा मला वाटलं, गडबडीत आहे.

त्या लाल गाडीत मास्क जरा बाजूला करून अनुसयाबाई काहीतरी म्हणाल्या. मी कान जवळ नेला.

"संदीपला... सांगा... मी बरी हाय."

"सांगतो," मी म्हणालो.

हॉस्पिटलात वाफेचं औषध दिलं, इंजेक्शन दिलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. अर्ध्या तासानं त्या कागद घेऊन आल्या आणि मला विचारायला लागल्या. मी मराठीत दत्ताशेठांना विचारायचं आणि उत्तर फ्रेंचमध्ये सांगायचं. दमा किती वर्षं? पंप कुठला? मग त्यांनी विचारलं, "इतक्या वाऱ्यात त्या बाहेर किती वेळ होत्या? त्यांच्याकडं गरम कपडे नव्हते का?"

मी मराठीत विचारलं.

"शाल व्हती," दत्ताशेठ म्हणाले. "तिनं मनीषाला दिली. त्या गाडीत कुणाकडंच काही न्हवतं, सर. आमी सातजणच तेवढे घालून गेलेलो. वर उतरल्यावर आमी आमचे मफलर, टोप्या वाटल्या. आई म्हनाली, मला स्वेटर हाय." मग ते थांबले. "सर, त्यांना सांगितलं न्हवतं का?"

डॉक्टर माझ्या तोंडाकडं बघत होत्या. दत्ताशेठही बघत होते.

मी डॉक्टरांना सांगितलं, "त्यांनी शाल दुसऱ्या आजारी बाईला दिली." पुढच्या वाक्याचं मी भाषांतर केलं नाही. दत्ताशेठांनाही उत्तर दिलं नाही. ते दुसऱ्याच विचारात होते. थोड्या वेळानं त्यांनी माझा हात धरला. "सर, तुमी व्हता म्हनून. न्हाईतर हितं मी कुनाला काय सांगितलं असतं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं कौतुक ते होतं. मला ते ऐकवेना. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो.

साडेतीनला अनुसयाबाईंच्या छातीतली शिट्टी थांबली. चारला डॉक्टरांनी पत्र आणि नवा पंप दिला. म्हणाल्या, जहाजावरच्या डॉक्टरला दाखवा, दोन दिवस बाहेर पडू नका. टॅक्सीनं आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. गँगवेच्या तोंडाशी, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीपाशी, संदीप उभा होता. हातात माझी यादी.

"बासष्ट वर हायेत," तो म्हणाला. "ह्ये दोन. चौसष्ट." आणि अनुसयाबाईंना हात दिला.

जेवणाआधी तो मला लाउंजमध्ये भेटला. आत कुणीच नव्हतं. तो उभाच राहिला.

"सर, एक इचारू? वाऱ्याचा कागद तुमच्याकडं कधी आला व्हता?"

"काल साडेसहाला."

"मी हितंच व्हतो साडेसहाला."

"माहितीय. मी दारापर्यंत आलो होतो."

त्यानं दाराकडं बघितलं. "नकलेमुळं का?"

"नुसत्या नकलेमुळं नाही."

"मंग?"

चाळिशीतल्या माणसानं द्यायला अवघड असं ते उत्तर होतं. तरी दिलं. "सगळे तुला भाऊ म्हणतात."

तो हसेल असं वाटलं होतं. तो चिडला. "आनि तुमाला सर म्हनतात, त्याचं काय? मला जल्मात कोन सर म्हननार हाय? इंग्रजी फॉर्म भरायला मला तीन तास लागत्यात. रोज तुमच्याकडं बघून शिकतो मी, म्हनून तर नक्कल येती. माझं काय व्हायचं ते झालं असतं, सर. मला शिव्या पडल्या असत्या. पर म्हातारी गेली असती तर?"

मी खिशातला तो घडीचा कागद काढून त्याच्यासमोर धरला.

"मी ऑफिसला काय सांगनार न्हाई," तो जाताना म्हणाला. "तुमी सांगा न्हाईतर नका सांगू. पर उद्यापासनं कागद आला की पैला मला दाखवायचा."

पुढच्या प्रत्येक बंदराआधी मी तसंच केलं. तो कागद वाचायचा, अडलेला शब्द विचारायचा. कामापलीकडं आम्ही बोललो नाही.

पुण्यात आल्यावर इन्सिडंट रिपोर्ट लिहायचा होता. टूरवर कुणी हॉस्पिटलात गेलं तर हा रिपोर्ट लागतो. त्यात एक रकाना असतो: प्रवाशांना आधी सूचना दिली होती का, कोणी, कधी. तिथं मी दोन दिवस अडलो. 'हवामान अचानक बदलले' असं लिहून सुटता येत होतं. तसं लिहूनही बघितलं. मग तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. सूचना मला आदल्या संध्याकाळी मिळाली, माझ्या बसला दिली, दुसऱ्या बसला दिली नाही.

कुलकर्णी मॅडमनी तो दोनदा वाचला. "दिली नाही म्हणजे राहून गेली ना?"

"नाही मॅडम. दिली नाही."

"का?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकोणीस वर्षं मी हे रिपोर्ट वाचतेय, शिंदे. असं कुणी लिहीत नाही."

"मला ठाऊक आहे."

"आणि हे वाचून मी तुम्हाला युरोप देऊ शकत नाही, हेही ठाऊक आहे ना?"

"हो."

फीडबॅक फॉर्म त्यांनी उघडलेच नाहीत. पुढचा सीझन संदीपला मिळाला. मी दोन वर्षं केरळ आणि राजस्थान केलं. त्याच्या पहिल्या टूरवरून त्याचा फोन आला होता. ड्रायव्हरच्या ब्रेकचे नियम विचारायला. मी सांगितले. तो म्हणाला, "थँक यू, सर." पूर्वी म्हणायचा तसंच, पण मधे जरा थांबून.

नंतरच्या उन्हाळ्यात मी घोडेगावला दत्ताशेठांच्या घरी गेलो. अनुसयाबाई अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. तब्येत ठीक होती. मी त्यांना सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो आणि सांगितलंही. त्या ऐकत होत्या, हात चालू होते. शेवटी म्हणाल्या, "तरीच. म्या म्हनलं, संदीप कसा इसरला." एवढंच. मग चहा आला. शेजारच्या दोन बायका आल्या. अनुसयाबाई त्यांना फ्रान्सची गोष्ट सांगायला लागल्या. वारा, लाँड्री, गरम चादरी, लाल गाडी. दर दोन वाक्यांनी संदीप. शेजारणीनं माझ्याकडं बोट करून विचारलं, "आनि ह्ये पावनं कोन?"

"ह्ये व्हय? ह्ये पन व्हते संगं. सर हायेत."

आता माझं काम नव्या टूर मॅनेजरना शिकवायचं. व्हिसा, हेडकाउंट, ड्रायव्हरचे नियम, सगळं शिकवतो. शेवटच्या दिवशी हीही हकीगत सांगतो आणि एकच गोष्ट लिहून घ्यायला लावतो. बरोबरच्या माणसाचा हेवा वाटला तर वाटू द्या, तो काही थांबत नाही. आधी त्याला लागणारी माहिती द्या. मग निवांत बसून हेवा करा.